ऐकायला मोबाईल आहे, ठेवायला काय?

दिवाळीच्या आधी माळा उतरवायला घेतला की बऱ्याच घरांत एक भांडण ठरलेलं असतं. जुन्या टीव्हीच्या खोक्यातून कॅसेटी निघतात, एखाद्या घरात तळाशी चार-दोन तबकड्याही निघतात. पोरगं म्हणतं, भंगारात द्या, सगळं मोबाईलवर आहे. वडील म्हणतात, हात लावायचा नाही. मग खोकं पुन्हा वर जातं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिथंच भाजत पडतं. दोघंही एक गल्लत करतात. गाणं ऐकणं हे एक काम आणि गाणं सांभाळणं हे दुसरं. ऐकण्याच्या कामात मोबाईलनं कॅसेटला केव्हाच मागं टाकलंय, तिथं वाद घालण्यात अर्थ नाही. सांभाळण्याचं काम मात्र कुठल्याच ॲपनं अंगावर घेतलेलं नाही. आणि माळ्यावरचं खोकंही ते करत नाही, कारण माळ्यावर कॅसेट मरते.

आधी पिढ्यांच्या तक्रारीचं बघू. 'आजच्या पोरांना धड एक गाणं पुरं ऐकवत नाही' हे वाक्य कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळेल. यात पोरांच्या स्वभावापेक्षा हिशेबाच्या पद्धतीचा हात मोठा आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक 'प्ले' मोजला जातो, म्हणून गाणं बनवणारा सुरावटीचा गाभा पहिल्या अर्ध्या मिनिटातच आणून ठेवतो. आजोबांच्या पिढीला तरी कुणी निवांत गाणं दिलं होतं? मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीत एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. तासभर चालणारा ख्याल त्यात बसवायचा तर आलाप आटोपता घ्यायचा, स्थायी-अंतरा म्हणायचा आणि दोन-चार ताना घेऊन थांबायचं. एलपी, म्हणजे हळू फिरणारी मोठी तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, तेव्हा कुठं विलंबिताला, म्हणजे संथ लयीच्या गाण्याला, पाय पसरता आले. ऐकणाऱ्याच्या सवयी वस्तू घडवते, आणि मग प्रत्येक पिढी आपल्या वस्तूनं लावलेल्या सवयीला रसिकता म्हणते.

प्लेलिस्टचंही तसंच. ती या पिढीची म्हणून हिणवली जाते, पण ऐंशी-नव्वदच्या दशकात दुकानातून 'गाणी भरून' घेतली जायची ती काय वेगळी होती? वहीच्या पानावर यादी लिहायची, साठची का नव्वदची ते ठरवायचं, आठवड्यानं कॅसेट आणायची. साठच्या कॅसेटला एका बाजूला ३० मिनिटं, म्हणजे पाच-साडेपाच मिनिटांची पाच गाणी आणि वर एखादं छोटं. हिशेब चुकला की शेवटचं गाणं अंतऱ्यात तुटायचं आणि 'बी' बाजूला ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. यातल्या बहुतेक कॅसेटींत कलाकाराला छदाम मिळत नव्हता, हेही सांगून टाकावं. 'आम्ही विकत घेऊन ऐकायचो' असं म्हणणाऱ्यांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी किती आणि कंपनीच्या किती, ते एकदा मोजून बघावं.

या वादात एक पिढी कायम सुटते. कॅसेट आणि स्ट्रीमिंगच्या मधली, मेमरी कार्डवाली. साधारण २००७ ते २०१५ या काळात मोबाईलच्या दुकानात दोन किंवा चार जीबीच्या कार्डात गाणी भरून मिळायची. १२८ केबीपीएसची एमपीथ्री, एका तासाला जेमतेम ५८ एमबी, म्हणजे चार जीबीत जवळपास सत्तर तास. फाईलचं नाव 'ट्रॅक ०१', गायकाच्या जागी कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता. सगळ्यात जास्त हरवलं ते याच पिढीचं. कॅसेट बुरशी लागली तरी हातात राहते. कार्ड फोनबरोबर गेलं, फोन एक्स्चेंजमध्ये गेला. त्या काळात गावोगावच्या ऑर्केस्ट्रांची, भजनी मंडळांची मोबाईलवरच केलेली जी ध्वनिमुद्रणं ब्लूटूथनं या फोनमधून त्या फोनमध्ये फिरली, त्यांचा माग काढणं ७८ च्या तबकडीपेक्षा अवघड आहे. तबकडीवर निदान क्रमांक छापलेला असतो.

जाता जाता एक गंमत. कोल्हापुरात 'डॉल्बी' म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढं येते, छातीत धडधड होते. कॅसेट भरायच्या-वाजवायच्या यंत्रावर, म्हणजे डेकवर, 'डॉल्बी बी'चं जे बटण असायचं ते आवाज वाढवण्यासाठी नव्हतंच, टेपची सळसळ कमी करण्यासाठी होतं. मुद्रण करताना बारीक आवाजातला वरचा पट्टा थोडा वाढवायचा आणि वाजवताना तितकाच खाली आणायचा, त्याबरोबर सळसळही खाली जाते. हे इथं सांगायचं कारण व्यवहारातलं आहे. डॉल्बी लावून भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली तर ती कर्कश वाटते, आणि डॉल्बी न लावता भरलेली डॉल्बी लावून वाजवली तर गायक घोंगडी पांघरून गातोय असं वाटतं. कॅसेटच्या कागदावर छोटी खूण केलेली असते, ती बघावी. खूण नसेल तर दोन्ही प्रकारे मिनिटभर ऐकून ठरवावं.

स्ट्रीमिंगच्या बाजूनं जे बोलायचं ते आडपडदा न ठेवता बोलायला हवं. कागलची नाहीतर गडहिंग्लजची एखादी मुलगी आज ख्याल शिकत असेल, तर एकाच रागाची दहा घराण्यांची दहा रूपं ती एका संध्याकाळी ऐकू शकते. चाळीस वर्षांपूर्वी त्यासाठी एखाद्या संग्राहकाची ओळख काढावी लागायची, त्याची मर्जी सांभाळावी लागायची, आणि त्यानं कपाट उघडलं तरी 'ऐका, पण भरून मिळणार नाही' हे ठरलेलं. भौतिक संग्रहाच्या प्रेमात पडलेली मंडळी ही कुलुपं सोयीनं विसरतात. संग्रह म्हणजे बहुतेक वेळा पैसेवाल्या, जागावाल्या पुरुषांचा छंद होता. घरातल्या बाईच्या वाट्याला रेडिओ होता.

पण ॲपवर मिळतं ते गाणं आपलं नसतं. आपण महिन्याचे पैसे भरतो ते ऐकण्याच्या परवानगीचे. ती परवानगी ॲप आणि संगीत कंपनी यांच्यातल्या करारावर टांगलेली असते. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार जमला नाही आणि त्या कंपनीची गाणी तिथून एका फटक्यात गेली. लोकांच्या प्लेलिस्टमधल्या ओळी करड्या पडल्या. पुढं गाणी परत आली, ते सोडून द्या. मधल्या काळात पैसे भरणाऱ्याला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. २०२४ मध्ये एअरटेलनं विंक हे आपलं संगीताचं ॲपच बंद करायचं ठरवलं. अशा ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं त्या ॲपबाहेर वाजत नाही, त्यामुळं ॲप मिटलं की डाउनलोडही मिटतं. ते मुलाला देता येत नाही, विकता येत नाही, वाचनालयाला दान करता येत नाही.

दुसरा तोटा माहितीचा. ७८ च्या तबकडीच्या चकतीवर गायक, राग, कधी ताल, कधी नाटकाचं नाव, आणि कंपनीचा क्रमांक असायचा. एलपीच्या पाठीवर तबल्याला कोण, पेटीला कोण, हे असायचं. ॲपवर १९३० च्या दशकातलं मुद्रण कुठल्यातरी संकलनात घातलेलं असतं आणि साल म्हणून त्या संकलनाचं, म्हणजे २००० नंतरचं, लिहिलेलं असतं. साथीदार गायब. संगीतकाराच्या जागी गायक, गीतकाराच्या जागी कंपनी. अगदी सुरुवातीच्या काळात, १९०२ मध्ये कलकत्त्याला पहिली मुद्रणं झाली तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जायच्या. तिथल्या कामगाराला कुणाचं गाणं ते कळावं म्हणून गायिका गौहरजान गाणं संपताच आपलं नाव इंग्रजीत सांगायची. सव्वाशे वर्षांपूर्वी गाण्याची ओळख गाण्यातच घालून ठेवायची अक्कल होती.

तिसरी गोष्ट पैशाची. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार 'प्ले' न झालेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. मोठ्या शहरातल्या गायकाला हजार म्हणजे किरकोळ. पन्हाळ्याच्या बाजूच्या एखाद्या शाहिराचा पोवाडा वर्षाला सहाशे वेळा ऐकला गेला तर त्याच्या नावावर शून्य. मग त्यानं तो तिथं ठेवावा कशाला?

कोल्हापूरला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानं या गावात राहिले, त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथं रुजली, देवल क्लब या गायनसंस्थेजवळ त्यांचा पुतळा आहे. आणि त्यांची एकही व्यावसायिक तबकडी नाही. घराण्याच्या मूळ पुरुषाचा आवाज कसा होता हे आपण फक्त शिष्यांच्या गळ्यातून अंदाजानं ओळखतो. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर या अवकाशयानावरच्या सोनेरी तबकडीत गेली, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यामागची हकीकत कमी सांगितली जाते. निवड करणाऱ्यांना ती रेकॉर्ड हवी होती तेव्हा ती बाजारात मिळत नव्हती. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात काही प्रती पडलेल्या सापडल्या. कंपनीच्या यादीतून गेलेलं गाणं खोक्यामुळं वाचलं.

म्हणून माळ्यावरचं खोकं उतरवावं, पण सगळंच्या सगळं जपायचा हट्ट धरू नये. टेपचं डिजिटल रूपांतर वाजायला लागतो तितकाच वेळ घेतं, त्याला आडवाट नाही. साठच्या शंभर कॅसेटी म्हणजे शंभर तास. रोज संध्याकाळी दोन तास बसलात तरी पन्नास दिवस. त्यामुळं आधी निवड.

मोठ्या कंपन्यांच्या चित्रपटगीतांच्या, भावगीतांच्या, नाट्यगीतांच्या कॅसेटी बहुतेक ठिकाणी निर्धास्त देऊन टाकता येतात. फक्त देण्याआधी ॲपवर नाव दिसतंय एवढ्यावर थांबू नये. तेच गाणं त्याच गायकानं पुढं पुन्हा गायलेलं असतं, किंवा भलत्याच कुणीतरी. कालावधी ताडून बघावा. कॅसेटवर चार मिनिटं दहा सेकंद आणि ॲपवर तीन पंचेचाळीस असेल तर ते मुद्रण वेगळं असण्याचा संभव मोठा, किंवा एखादं कडवं कापलेलं. शोधताना देवनागरीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत दोन-तीन स्पेलिंगांनी शोधावं. गावातल्या नाहीतर जिल्ह्यातल्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या कॅसेटी, म्हणजे पोवाडे, भारुडं, जोतिबाची गाणी, कीर्तनं, वगनाट्यं, या बाजूला ठेवाव्यात. कंपनी बुडालेली असते, मूळ टेप कुठं आहे कुणाला माहीत नसतं, आणि ॲपवर चढवणारं कुणी उरलेलं नसतं. सगळ्यात वरचा मान मात्र कोऱ्या कॅसेटवर घरी भरलेल्या मुद्रणांना: मैफली, रेडिओवरून धरलेले कार्यक्रम, गल्लीतलं भजन, आजीच्या जात्यावरच्या ओव्या. त्यांची जगात दुसरी प्रत नसते. लेबलवर काहीच लिहिलेलं नसेल तर ती आधी ऐकावी, शेवटी नाही.

ऐकायची घाई मात्र नडते. आधी कॅसेटच्या खिडकीतून उजेडाकडं धरून बघावं. टेपच्या थप्पीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे होणारच. ती कॅसेट तशीच वाजवली तर बुरशी हेडला (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) आणि रबरी रोलरला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. अशा कॅसेटी सिलिका जेलबरोबर बंद डब्यात आठ-दहा दिवस कोरड्या होऊ द्याव्यात, मग नाकाला मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या मऊ कापडाला टेपची कड हलकेच लागेल अशी हातानं गुंडाळावी. त्यानंतर एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवावी, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटलेले थर सुटतात.

आवाज एकदम दबका येत असेल तर टेपला दोष देण्याआधी तळाशी मधोमध बघावं. पातळ पितळी पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद वाळला की तो गळून पडतो. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून दोन्ही चकत्या तशाच उचलून चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवायच्या. बिनस्क्रूची असेल तर जोडावर पातळ ब्लेड फिरवून फोडावी लागते. घाई केली तर ब्लेड टेपवर जातं.

मशीनचं म्हणाल तर ऑनलाइन मिळणारे स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअर घेऊ नयेत. त्यांचा वेग डोलतो आणि तानपुरा लाटांवर असल्यासारखा ऐकू येतो. घरातला किंवा ओळखीतला जुना चांगला डेक मेकॅनिककडून बेल्ट बदलून घ्यावा. बेल्ट सैल पडला की कॅपस्टन, म्हणजे टेप सरकवणारा बारीक दांडा, टेप पुढं ढकलत राहतो, पण गुंडाळणारी चकती ओढत नाही, आणि मशीन कॅसेट 'खातं'. नव्वदच्या कॅसेटची टेप साठच्यापेक्षा पातळ, एकशेवीसची त्याहून पातळ, म्हणून तीच आधी गुंतते. दर चार-पाच कॅसेटींनंतर हेड आणि कॅपस्टन कापसाच्या काडीवर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावं. काडी तपकिरी झाली तर ती टेपवरची चुंबकीय पूडच असते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि निम्मी गुणवत्ता तिथंच जाते. हेडशेजारी स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो, त्यानं हेडचा कल बदलतो. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याचा कल आणि तुमच्या मशीनचा कल जुळत नसेल तर वरचे सूर विझतात, 'स' आणि 'श' मेणचट होतात. मूळ जागेवर पेनानं खूण करून ठेवावी, आवाज मोनो करावा, कॅसेट चालू ठेवून स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या पाच-पाच मिनिटांइतका, इकडं-तिकडं फिरवावा. तबल्याच्या चाटीचा आवाज जिथं सगळ्यात खणखणीत येईल तिथं थांबावं. घरी भरलेल्या प्रत्येक कॅसेटला हे नव्यानं करावं लागतं. काम झालं की स्क्रू खुणेवर परत.

लॅपटॉपच्या एकाच भोकात वायर घालून भागत नाही, तो बहुतेक वेळा एका बाजूचा माइक असतो. लाइन इनपुट असलेलं छोटं यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज संगणकात नेणारी डबी, घ्यावं. मुद्रणाचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण डिजिटलमध्ये फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. एका तासाला साधारण एक जीबी होतो. फ्लॅक या फाईल-प्रकारात ठेवलं तर जवळपास निम्मा, आणि गुणवत्तेत काहीच जात नाही. शंभर कॅसेटी म्हणजे साठ जीबीच्या आसपास. आजच्या हिशेबात ही जागा नगण्य आहे. एक हार्ड डिस्क घरात, दुसरी वेगळ्या घरात, तिसरी प्रत क्लाउडवर. पेनड्राइव्हवर ठेवून कपाटात टाकू नये, वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास त्यातला मजकूर हळूहळू उडतो.

खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाईलवर कधीही चालवू नये. ते 'सतत एकसारखं वाजणारं ते नको असलेलं' या समजुतीवर चालतं, आणि तानपुरा सतत एकसारखाच वाजत असतो. सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना देताना मागं तानपुरा चालू असेल तर खरखरीबरोबर तोही जातो. गायक पोकळीत उभा राहून गातोय असं वाटतं, आणि ते करणारा मात्र 'बघा कसं स्वच्छ झालं' म्हणून खूश.

तबकड्यांचा प्रकार निराळा. ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कॅसेटच्या हेडसाठी आणलेली बाटली तिथं नेली तर गाण्याची वाट लागेल. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनं गोल, आणि मधलं कागदी लेबल कोरडं. सुईही वेगळी: ७८ ला साधारण ७५ मायक्रॉनची, एलपीला १८ ते २५ ची. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. जुन्या ग्रामोफोनवर एलपी लावणं तर दाढीच्या ब्लेडनं लोणी लावण्यासारखं, लोखंडी सुई एका फेरीत खाच खरवडून काढते. वेगाचंही डोळ्यांत तेल घालून बघावं. त्या काळच्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नव्हत्या, आणि सहा टक्क्यांचा फरक म्हणजे अख्खा अर्धा स्वर. काळी चारची बाई पांढरी सहाला गेलेली असते. पट्टी ताडायला शेजारी पेटी ठेवावी.

सध्या तरुणांत एलपीची हौस परतलीय, तिच्याबद्दल मत विचारलं तर थोडं कडूच निघेल. सूटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्लेअरची सुई चांगल्या टर्नटेबलच्या दोन-अडीच ग्रॅमऐवजी पाच-सहा ग्रॅमचा दाब देते आणि दोन-चार हजारांची नवी रेकॉर्ड झिजवते. वर ती रेकॉर्ड बऱ्याचदा डिजिटल मूळ प्रतीवरूनच छापलेली. भिंतीवर लावायला ती छानच दिसते. तेवढ्याच पैशांत आजोबांच्या डेकचा बेल्ट आणि इंटरफेस दोन्ही येतात.

ठेवायचं कुठं? माळा नको, एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली एलपी बशीसारखी वाकते. तळाचा कप्पाही नको. ज्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला त्यांना कारण सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा आला की गॅस सिलिंडर, धान्य, कागदपत्रं वर जातात, त्या यादीत खोकंही हवं. आतल्या भिंतीचं कपाट, छातीइतक्या उंचीचा कप्पा, तबकड्या उभ्या आणि घट्ट, स्पीकरपासून दूर. कॅसेट भिजलीच तर वाजवू नये, उन्हात ठेवू नये, हेअर ड्रायर लावू नये. टेपला पाण्यापेक्षा चिखलाची भीती जास्त. स्वच्छ पाण्यात, शेवटचं डिस्टिल्ड, हलकेच बुडवून गाळ काढावा, पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळवावी, मग नव्या कवचात. सीडी मध्यापासून बाहेर सरळ रेषेत पुसावी, गोल नाही.

हे सगळं घराघरांत होणार नाही, हे उघड आहे. डेक नाही, वेळ नाही, आणि ज्याला 'हा आवाज कुणाचा' ते ओळखता येतं तो ऐंशीच्या पुढं गेलाय. इथं शहराचा प्रश्न येतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तकं सांभाळतंय, देवल क्लब १८८३ पासून गाणं सांभाळतोय, शिवाजी विद्यापीठ आहे. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा सगळं गाव हळहळलं, आणि ते पुन्हा उभं करायला पैसे निघाले. दगड-लाकडाचा नकाशा असतो, नकाशावरून वास्तू उभी राहते. आवाजाचा नकाशा नसतो.

कायदाही इथं वाचनालयाच्या बाजूचा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ मध्ये अशी सूट आहे की ना-नफा सार्वजनिक वाचनालयाकडं एखाद्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल, तर जतनासाठी ती डिजिटल करून ठेवता येते. यातली अट नीट वाचावी: प्रत आधीच वाचनालयाकडं असायला हवी. म्हणून कॅसेट दोन दिवसांसाठी देण्यापेक्षा ती दान दिलेली बरी. स्ट्रीमिंगवरचं गाणं या सुटीत बसूच शकत नाही, कारण तिथं कुणाच्याच हातात प्रत नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६० मध्ये निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली. मात्र चाल आणि शब्द यांचा हक्क संगीतकार-गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणून तबकडी मोकळी झाली तरी गाणं इंटरनेटवर टाकण्याआधी तेही बघावं लागतं. मैफलीत गाणाऱ्याचा हक्क ५० वर्षांचा. त्याच्या आतलं असेल तर वारसांना विचारून, आणि तोवर वाचनालयातच बसून ऐकायची सोय.

लागणारं सामान एका टेबलावर मावतं: दुरुस्त केलेले दोन डेक, दोन सुयांचा एक टर्नटेबल, इंटरफेस, संगणक, तीन डिस्क, आणि डिह्युमिडिफायर लावलेली वरच्या मजल्यावरची एक खोली. यंत्रांचा खर्च एका गल्लीच्या गणपतीच्या साऊंडच्या बिलाहून फार वर जाऊ नये. खरा खर्च माणसाचा आहे. रोज सहा तास हेडफोन लावून बसणारा एक जण आणि आठवड्यातून दोनदा येऊन 'हा अमुक, ही तमुकची मैफल, तबल्याला तो' असं सांगणारे चार म्हातारे. हेडफोनवाल्यानं प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा, कलाकार, राग आणि 'हे अमक्यांनी ओळखलं' एवढं बोलून ठेवावं. फाईलचं नाव पुसलं गेलं तरी ओळख आतून ऐकू येते. ज्येष्ठांना रिक्षाचं भाडं आणि चहा द्यावा. आणि हे काम येत्या वर्षा-दोन वर्षांत सुरू व्हायला हवं, कारण कॅसेट आणखी दहा वर्षं तग धरेलही, पण ती ओळखणारी माणसं तितकी थांबतील याचा भरवसा नाही.